धुराडे

पहाडगंजची पहाट नवी दिल्ली स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशांबरोबर उगवते आणि त्यांच्या मागोमाग मालाच्या गाड्या गल्ल्यांतून शिरू लागतात. चुना मंडीजवळच्या अशाच एका गल्लीच्या तोंडाशी एक डिझेलची पिकअप उभी असे. हॉटेलांच्या चादरी धुलाईला नेणे व स्थानकावरील पार्सले पोचविणे हा तिच्या तरुण मालकाचा व्यवसाय. गाडी २०२० नंतरची, म्हणजे भारत स्टेज सहाच्या नियमांत बसणारी. तथापि दोन महिन्यांपासून तिचा जोर ओसरला होता आणि समोरच्या फलकावर सूचनेचा दिवा वारंवार लागत होता.

मिस्त्रीने निदान झटपट केले. सायलेन्सरच्या मार्गातील गाळणी तुंबली आहे. ती डबी काढून टाकावी आणि टर्बोपासून शेवटपर्यंत सरळ, रुंद नळी बसवावी. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. टर्बो हे इंजिनाच्या धुराने फिरणारे चाक. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे : धुराला पुढे अडथळा जितका कमी, तितके चाक लवकर वेग घेते आणि सिलिंडरात हवा अधिक कोंडता येते. अर्धसत्याचे सामर्थ्य असे की ते पहिल्या चढावर खरेही वाटते. शिवाय जुनी डबी दिल्यास मजुरी माफ, असेही मिस्त्रीने सुचविले होते.

या शेवटच्या वाक्याने घरातील वृद्ध काकांचे कान टवकारले. "अरे, फुकट कोणी काही करत नाही. त्या डबीत आहे काय?"

"काका, मधाच्या पोळ्यासारखी मातीची जाळी असते म्हणतात. तिच्यावर प्लॅटिनमचा हात दिलेला असतो."

काका हसले. त्यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात शेत करपले, तेव्हा त्या मुलखातील अनेकांप्रमाणे तेही गलाईच्या कामाला बाहेर पडले आणि जुन्या दिल्लीतील एका आटणीत मुशीपुढे बसले. सोन्यात चांदी मिसळून वितळवायची, मग नायट्रिक आम्लात टाकायची. चांदी विरघळते, सोने तळाशी उरते. पण त्या क्षणी पातेल्यातून जो तांबूस धूर उठतो, तो सोने मागत नाही. तो छाती मागतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा मालकाने धुराडे दोन मजले उंच केले. धूर दिसेनासा झाला. काकांचा खोकला मात्र तेव्हापासून त्यांच्याबरोबर राहावयास आला.

डिझेलच्या धुरातही नायट्रोजनची तीच ऑक्साइडे असतात, हे त्यांना पुस्तकाने नव्हे, नाकाने सांगितले होते. दिल्लीला ही गोष्ट कळावयास न्यायालय लागले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरातील बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस डिझेलच्या शेवटच्या शहर-बसगाड्या रस्त्यावरून गेल्या. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निःसंशय कर्ककारक म्हणून नोंदविला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही, हेही खरे. पण काकांनी कायदा काढला नाही.

"आमचे धुराडे निदान छपराच्या वर होते," ते म्हणाले. "तुझे कुठे आहे बघ."

पुतण्याने पाहिले. नळीचे तोंड गुडघ्याइतक्या उंचीवर होते. याच गल्लीतून त्याची धाकटी मुलगी नूतन मराठी शाळेत चालत जात असे.

पुढचा उपाय साधा निघाला. गाळणीत साठलेली काजळी जळून जाण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते, आणि पहाडगंजच्या गर्दीत शंभर पावलांवर थांबणाऱ्या गाडीला ती लाभत नाही. दुसऱ्या एका जाणत्या कारागिराने टर्बोजवळचा ढिला झालेला पट्टा बदलला, गळणारी हवा थांबविली आणि गाडी मोठ्या रस्त्यावर एका वेगाने पळविण्यास सांगितले. रविवारी पहाटे पुतण्या सोनीपतच्या दिशेने गेला. परतताना दिवा विझलेला होता आणि पुलाचा चढ गाडीने कुरकुर न करता चढला.

काकांनी आटणीतल्या सवयीने कसोटी घेतली. चालू इंजिनाच्या नळीपुढे त्यांनी पांढरा रुमाल धरला. तो पांढराच राहिला. पुतण्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटले. काकांनी मात्र रुमाल उलटसुलट करून पाहिला. काजळी कापडावर दिसते, तो दुसरा धूर दिसत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? रुमाल घडी घालून खिशात ठेवताना त्यांना खोकल्याची उबळ आली.

पुतण्याने कोणी न सांगता किल्ली फिरविली. गल्लीत क्षणभर शांतता पसरली, आणि शाळेकडे निघालेल्या मुलांचे आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागले.