नाळेला कठडा नसतो

‘महाराजांच्या आरमारातलं गलबत करून द्या,’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, वल्ही चालतील ना? गिऱ्हाईक गोंधळतं. त्याच्या मनात तीन डोलकाठ्या आणि दोन्ही बाजूंना तोफा असतात. म्हणजे गुराब. हल्ली शिडाचं कुठलंही जहाज गलबतच झालंय. पण प्रतिकृतीसाठी सागवान चिरायला घेतलं की दोघांची जात वेगळी.

गुराबेत माझा जीव नाळेत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकात, अडकतो. लांब, निमुळती, मुख्य डेकच्याच पातळीत पुढं गेलेली. तिच्यामागं आडवी फळ्यांची भिंत आणि त्या भिंतीच्या झरोक्यांतून पुढं रोखलेल्या 9 किंवा 12 पौंडी दोन तोफा. नाळेला कठडा मात्र नाही. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात खालीवर आपटे. नाळेवर चढलेलं पाणी अडू नये, सरळ वाहून जावं म्हणून ती उघडी. माझी प्रतिकृती बघून लोक विचारतात, हे काम अर्धवट का सोडलंत? आकाराचं म्हणाल, तर दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीनची तीनशेपर्यंत.

गलबत सत्तर टनांच्या वर क्वचितच. पुढं एक भलंमोठं तिकोनी शीड, मागं नावापुरती छोटी डोलकाठी, आणि चाळीस-पन्नास वल्ही. लहान गलबतांचा डेक तर चिरलेल्या बांबूंचा, वजन वाचवायला. त्यावर हलक्या, फिरत्या तोफाच. एवढा बारीक बांबू चिरणं हा छळ आहे, पण तिथं प्लायवूड लावणाऱ्याशी माझं जमत नाही.

वारा पडला की ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज जागीच खिळे. मग मराठ्यांचे आरमारप्रमुख असलेल्या आंग्र्यांची गलबतं गुराबांना दोरानं ओढत त्याच्या पिछाडीला आणत, कारण तिथं तोफा कमी. गुराबा डोलकाठ्यांवर मारा करत. जहाज लंगडं झालं की गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढत. एकाशिवाय दुसऱ्याची लढाई अपुरी, म्हणून मी जोडीच करतो, मध्ये दोर ताणून.

मूळ जहाज बघायला मिळत नाही. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली इंग्रजांच्या माऱ्यात जळालं. मापांसाठी मला रॉबर्ट ऑर्मचा ग्रंथ उघडावा लागतो, म्हणजे कंपनीच्याच माणसाचा.

जोडी क्वचितच विकली जाते. दिवाणखान्यासाठी गुराब उचलतात. आणि गलबत मागितलंच, तर लहान आहे म्हणून भाव पाडतात. वल्ही कोणी मोजत नाही.