"सर, आपले जहाज कुठे आहे?"

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी मोठे जहाज आतून पाहिले आहे का? मी पाहिले आहे. आज ते जहाज राहिलेले नाही. त्याचीच गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे.

एके दिवशी मी नववीच्या वर्गात 'फ्राम' या जहाजाचे चित्र दाखवत होतो. फ्राम हे नॉर्वे देशाचे लाकडी जहाज. १८९३ साली नान्सेन हा संशोधक त्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. जहाजाचा तळ गोलसर होता. त्यामुळे बर्फाने दाबले की ते चिरडत नसे, वर उचलले जाई. पुढे याच जहाजातून अमुंडसेन दक्षिणेकडे गेला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. ऑस्लो शहरात या जहाजावर छप्पर घालून संग्रहालय केले आहे. १९३६ सालापासून लोक ते पाहायला जातात.

एका मुलीने विचारले, "सर, आपले असे जहाज कुठे आहे?"

मला क्षणभर काय बोलावे ते सुचेना.

मी नववीत असताना आमच्या शाळेची सहल 'विक्रांत' पाहायला गेली होती. वाशीहून लोकलने आम्ही मुंबईला गेलो. विक्रांत हे भारताचे पहिले विमानवाहू जहाज. ते १९६१ साली नौदलात आले. १९७१ च्या युद्धात त्याचा एक बॉयलर बिघडलेला होता, तरी ते बंगालच्या उपसागरात गेले आणि त्याने आपली कामगिरी पार पाडली. १९९७ साली ते निवृत्त झाले. पुढे मुंबईत त्याचेच संग्रहालय झाले.

आम्ही धावपट्टीवर उभे राहिलो, तेव्हा माझा मित्र म्हणाला, "हे जहाज आहे की मैदान?" खाली विमाने ठेवण्याचे मोठे दालन होते. विमान वर नेणारी लिफ्ट पाहून तर आम्ही थक्क झालो. मी लोखंडी भिंतीला हात लावला. हाताला तांबडा गंज लागला. त्या गंजाचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

जहाज सांभाळायला फार खर्च येत होता. २०१२ साली ते धोकादायक म्हणून लोकांसाठी बंद झाले आणि २०१४ साली भंगारात विकले गेले. ते तोडण्यासाठी दारूखान्यात आणले. दारूखाना म्हणजे आपल्या हार्बर लाइनवरील रे रोड स्टेशनजवळचा जहाजे तोडण्याचा भाग. माझे मामू तिथेच गॅस कटरचे काम करत. एका रात्री ते जेवताना म्हणाले, "बेटा, इतकी जहाजं कापली, कधी नाव विचारलं नाही. या जहाजाचं नाव मात्र आधी वाचलं, मग कापायला बसलो."

त्या वर्षी मी बी.एड. करत होतो. माझी फी मामूंनीच भरली होती. म्हणून मी कोणाला दोष देऊ?

वर्गातल्या मुलांना हे सारे सांगितले आणि एका रविवारी त्यांना मुंबईला घेऊन गेलो. नौदलाच्या गोदीबाहेर विक्रांतच्या लोखंडापासून केलेले एक स्मारक आहे. ते २०१६ साली उभारले. ती मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, एवढेच उरले?"

"होय, एवढेच."

२०२२ साली विक्रांत नावाचे नवे जहाज नौदलात आले. त्याचा मला अभिमान वाटतो. पण मित्रांनो, नाव पुन्हा देता येते, जुने जहाज पुन्हा आणता येत नाही. आपल्या बेलापूरला जुना किल्ला आहे. तो तुम्ही पाहिला आहे का? नसेल, तर या रविवारी आपल्या अब्बांना किंवा मोठ्या भावाला घेऊन जरूर पाहून या. जे आपण पाहत नाही, ते वाचवावे असे आपल्याला वाटणार तरी कसे?