कापसाचे फूल

दर रविवारी सकाळी आर्णीतल्या आमच्या पाच घरांतील मुले एकत्र येतात आणि आम्ही पालक पाळीपाळीने त्यांना शिकवतो. इतर दिवशी शाळा आहेच. ती सोडवण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणातही नाही. मुंबईच्या मालविका जोशीच्या आईने ते दाखवले. दहावीची परीक्षा न दिलेली ही मुलगी २०१६ साली अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली. आमच्यासमोर होती ती १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेली नई तालीम, हातच्या कामातून ज्ञानाकडे जाणारी. (आदर्श शेजारच्या जिल्ह्यातला असला की पेलणे सोपे जाते, हा समज मात्र खोटा ठरला.)

पावसाळ्याच्या अखेरीस मुलांना पऱ्हाटीत नेले. उमलताना फिकट पिवळसर असलेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे त्यांनी लागोपाठ दोन दिवस जाऊन पाहिले. पांढरा असतो तो बोंडातल्या सरकीवरचा तंतू, फूल नव्हे, हेही त्यांना उमगले.

पुढे चाचणीत कापसाच्या फुलाचा रंग विचारला गेला. माझ्या मुलीने पाहिले ते लिहिले. उत्तरावर लाल फुली आली. अपेक्षित उत्तर ‘पांढरा’.

तिने वही माझ्यासमोर धरली. एम.ए.च्या वर्गात अनुभवाच्या अस्सलपणावर तासन्‌तास बोलणारा मी तिला म्हणालो, “परीक्षेत पांढरा लिहायचा.”

“मंग फूल रविवारीच गुलाबी होते का, बाबा?”

शाळेत जाऊन बोलणे मी टाळले. वार्षिक परीक्षेत तिने ‘पांढरा’ लिहिले. पूर्ण गुण मिळाले.