कॅलिपरला रंग

पावसाळ्यात शहापूरकडच्या केळीच्या बागांत गाडी घातली की काळी माती चाकाच्या आत जाऊन बसते. गाडी वरून धुतली की चकचकीत दिसते, पण अलॉयच्या काड्यांमागे ब्रेकचा कॅलिपर असतो, त्याच्या बेचक्यांत ती माती कितीतरी दिवस ओली राहते. कॅलिपर ओतीव लोखंडाचा. कंपनीचा पातळ लेप एकदा उडाला की तांबूस गंज धरायला वेळ लागत नाही. आमच्या गाडीचं तेच झालं होतं. दिवाळीत अंगणातच रंगवायचं ठरवलं.

दिवाळी मुद्दामच. इथल्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा रंग ब्रशवरच ओढायला लागतो आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ त्याच्यावर कायमची चिकटते. पावसाळी हवा दमट, ती त्याहून वाईट.

रंग कोणता, यावरून घरात दोन तट पडले. मुलाला लाल हवा होता. इटलीत बर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेल्या ब्रेंबो कंपनीचे लाल कॅलिपर त्याने मोबाइलवर पाहिलेले. ते कॅलिपर मोठे, आत चार-सहा पिस्टन. आमच्याकडे एका पिस्टनचा साधा सरकता कॅलिपर, तोही फक्त पुढे. मागे ड्रम. लाल रंगाने गाडी काही हातभर आधी थांबत नाही, असं मी म्हणालो आणि राखाडी डबा आणला. दुकानदार साधा ऑइलपेंट पुढे करत होता, "लोखंडच आहे ना?" म्हणून. लोखंडच, पण ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणारं यंत्र. घाटात कॅलिपर असा तापतो की साधा रंग पिवळा पडून पापुद्रे सोडतो. उष्णता सोसणारा रंगच हवा.

रंगवणं म्हणजे खरं तर घासणं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मागच्या चाकांना विटा लावल्या, मग जॅक. जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, म्हणून खाली पक्के स्टँड. ब्रेकची काळी भुकटी हवा मारून उडवायची नाही, ती छातीत जाते. पाणी मारून ओलीच काढली. कॅलिपर सोडवला की त्याला होजवर लोंबकळू द्यायचं नसतं, होज आतून फाटतो. तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. आणि मुलाला बजावलं की आता गाडीत बसून ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येईल.

पुसायला चिंध्यांची ददात नाही, हे पॉवरलूमचं गाव. शेजारच्या कारखान्यातून सुताचा गुंता आणला. ग्रीस आणि चिखल टिपायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र शेवटचं थिनरचं पुसणं त्याने केलं तर धागे मागे राहतात, त्याला धुतलेलं सुती कापडच लागतं. तारेच्या ब्रशने खरवडताना गंजाखालून ओतकामाचे खडबडीत दाणे आणि उठावातले आकडे दिसू लागले, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

याच घासाघाशीत उजव्या कॅलिपरची एक पिन हाताने सरकेना. सरकता कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे होतो. पिन जाम झाली की आतलं पॅड लवकर झिजतं आणि बाहेरचं तसंच राहतं. पाहिलं तर तसंच झालेलं. पॅडचा जोड बदलला, पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. शेजारचे भाऊ डोकावून गेले, "काय करून राह्यले, ब्रेक फेल झाला का?"

मग मास्किंग टेप. पिस्टनभोवतीचं रबर, होज, एअर काढायचा निपल, पॅड सरकतात त्या जागा, सगळं झाकलं. डिस्कवर वर्तमानपत्र. खडबडीत लोखंडावर स्प्रेपेक्षा ब्रश बरा, तो खाचांत पोचतो. पातळ हात, मध्ये सुकू देऊन पुन्हा हात. जाड थर दिला की ओघळ येतो.

परत बसवताना नव्या पॅडांना जागा करायला पिस्टन हळूहळू आत दाबावा लागतो. तसं करताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल चढतं, सांडलं तर ताजा रंग चाटून नेतं, म्हणून एक नजर तिकडे. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करायचं. पहिल्या दाबाला पाय थेट तळाशी जातो.

आधी गल्लीतच सावकाश ब्रेक लावून पाहिले, मग असीरगडाचा घाट. इच्छापूर-इंदूर रस्त्यावर हा किल्ला सातपुड्याची वाट अडवून बसलाय. १६०१ मध्ये तो अकबराने घेतला. उतारावर गाडी दोन्हीकडे सारखी थांबत होती, पूर्वीसारखी ओढत नव्हती. खाली येऊन पाहिलं, थोडा वास येत होता, पण रंगाला फोड नव्हता.

शेजारच्या भाऊंना चाक दाखवलं. ते वाकून म्हणाले, "रंग कुठं दिला?" मुलाने माझ्याकडे बघितलं. उरलेल्या डब्यातून मागचे ड्रम रंगवले, आणि तरी तळाशी राहिला तो आईने बंबाच्या धुराड्याला लावून घेतला. तो मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो.