घरकुल मंजूर, जागा नामंजूर

आपल्या माणसाला घर बांधायला सरकार पैसे देतं, पण ते घर उभं करायला जमीन देत नाही. जालना शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये रमाई आवासचे अर्ज भरून देताना आम्हाला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. शहरी भागात अडीच लाखांचं अनुदान आहे. अर्जदार पात्र आहे, जातीचा दाखला आहे, उत्पन्नाचा दाखला आहे. अडतं ते जागेच्या मालकीच्या कागदावर.

हा कागद नसणारी माणसं कोण आहेत? अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून आलेले भूमिहीन. कुणी सालगडी होतं, कुणी ऊसतोडीला जात होतं. २०१२-१३ च्या दुष्काळाने उरलंसुरलं गाव सोडायला लावलं. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं होतं. आपली माणसं शहरात आली, स्टीलच्या कारखान्यांत आणि मोंढ्यात राबली आणि जिथे कुणी राहायला तयार नव्हतं अशा पडीक जागेवर पत्र्याची घरं टाकून राहिली.

आता तीच जागा सोन्याची झाली आहे. समृद्धी महामार्ग आला, ड्राय पोर्टचं काम आलं, २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. चारी बाजूंनी एन.ए. प्लॉट पडले, नव्या कॉलन्या उठल्या. आधीपासून राहणारी वस्ती एकाएकी 'अतिक्रमण' ठरली. बरं, भाड्याने खोली घ्यावी म्हटलं तर आमचा अनुभव ठरलेला आहे: फोनवर खोली रिकामी असते, आडनाव सांगितलं की ती कालच दिलेली असते.

काही जण आम्हाला विचारतात, 'सरकारी जमीन बळकावायची कशाला? सगळ्यांसारखा प्लॉट घ्या ना!' त्यांनी दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. विनापरवाना पाडलेले गुंठेवारीचे प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. ग्रामीण भागात सरकारी जमिनीवर घर करून राहणाऱ्या गरिबाचं अतिक्रमण नियमित करण्याच्या २०१८ च्या धोरणात मात्र मर्यादा १ जानेवारी २०११. नियम दोघांनी मोडला. प्लॉट विकत घेऊ शकणाऱ्याला दहा वर्षं जास्त मिळाली.

गुंठेवारी खाजगी जमिनीवर असते, हे आम्हाला मान्य आहे. मग सरकारी पडीक जमीन कुणाची? याचं उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवलं आहे. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पडीक सरकारी जमीन अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी राखून ठेवणारा आयोग मागितला. त्यांनी आधी जमीन मागितली. आपण मात्र अनुदानाच्या यादीत नाव आलं की पेढे वाटतो.

गायरानावरची घरं हटवताना सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल तोंडावर फेकला जातो. तो निकाल शेवटपर्यंत वाचा. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर तो अपवाद होऊ शकतो, असं त्याच निकालात आहे. म्हणजे वाट बंद नाही, पट्टा द्यायची सरकारची इच्छा नाही.

म्हणून तरुणांना आमचं सांगणं आहे. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच. तसंच वह्या घेऊन जा. प्रत्येक घराची जुनी लाइट बिलं, घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीतली नावं, मुलांचे शाळेचे दाखले गोळा करा. कोण कोणत्या वर्षापासून राहतो ते लिहा, झेरॉक्स काढून वस्तीची एक फाईल करा. नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही फाईल आधी तयार हवी. आणि मोर्चात पहिली मागणी घरकुलाची नको, पट्ट्याची हवी. पायाखालची जमीन नावावर नसेल, तर वरचं छप्पर कुणीही कधीही काढून नेऊ शकतं.

जय भीम!