रकान्याबाहेरची पावले

विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पासाठी हर्णै बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी दिवसभर वाहने मोजत बसलो होतो. मी मराठी शिकवतो. हा प्रांत माझा नव्हे. भूगोलाच्या सहकाऱ्यांनी तक्ता हाती दिला, तेव्हा कळले की इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात मोटारीचे मूल्य १ असते, सायकलचे अर्धे आणि बैलगाडीचे चक्क ८. हा मान नव्हे. कोण किती रस्ता अडवतो, त्याचे ते माप.

सायंकाळी पुळणीवरचा लिलाव आटोपला. डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. "सर, यांना कुठल्या रकान्यात घालू?" एका विद्यार्थिनीने विचारले. रकाना नव्हताच.

याच संस्थेची १९७२ची मार्गदर्शिका वर्षातून दोनदा, सलग सात दिवस गणना करायला सांगते: एकदा सुगीत, एकदा मंदीत. हे पंचांग शेतीचे आहे. किनाऱ्याची सुगी १ ऑगस्टला, मासेमारीबंदी उठल्यावर सुरू होते. चाकरमान्यांची गर्दी गणपतीत आणि मे महिन्यात.

अशा आकड्यांवरून रस्त्यांची रुंदी ठरते. रस्ता रुंदावला की आधी नाहीशी होते ती कडेची पायवाट. आणि तिच्यावरून चालणाऱ्यांची नोंद तर कुठेच नसते.

मी तक्त्याच्या समासात 'पायी' असे लिहिले आणि रेघा ओढू लागलो. अंधार पडण्याआधीच समास भरून गेला.