दुपारची लॉर्ना

मैत्रिणींनो, ‘जॅझ’ म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते ना? ते साहेबलोकांचं, मोठ्या हॉटेलातलं, आपलं नव्हेच, असं वाटतं. पण १९५१ सालचा ‘अलबेला’ आठवा बरं! संगीत आपल्या सी. रामचंद्र अण्णांचं, आणि त्यांच्या हाताशी होते गोव्याचे चिक चॉकलेट, ट्रम्पेट वाजवणारे, जॅझमध्ये मुरलेले. त्या गाण्यांवर आपण लग्नाच्या हॉलमध्ये अजून पाय थिरकवतो की!

तर याच मुशीतली एक गायिका, लॉर्ना कॉर्देरो. जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं. ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर साठच्या दशकात ती दक्षिण मुंबईच्या हॉटेलांत गायची. ‘बेबडो’, ‘पिसो’ या तिच्या कोंकणी रेकॉर्डी घरोघरी वाजल्या. अर्थ सांगायलाच नको. बेवडा आणि पिसा आपल्यालाही ठाऊक आहेत!

आय. सी. कॉलनीतली माझी गोवेकर मैत्रीण एका दुपारी बोरिवलीला आमच्याकडे आली. टी.व्ही.ला फोन जोडला आणि म्हणाली, “आज मालिका नको गं. हिला बघ.” गोव्यातल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले, पुढे माइक धरून उभी असलेली, वय झालेली लॉर्ना.

गळा कसा म्हणाल, तर जाडसर, किंचित खरखरीत. आपल्याला लताबाईंच्या नाजूक आवाजाची सवय, त्यामुळे पहिली दोन मिनिटं कान बिचकतो. मग गंमत कळते. ती तालाच्या जरा मागे रेंगाळते, वाटतं आता चुकणार, आणि नेमकी समेवर येऊन उभी राहते. मुखडा दर वेळी निराळा घेते, ठुमरीत घेतात तसा. लोक तिच्या आधीच ओळ म्हणायला लागले की माइक त्यांच्याकडे वळवून नुसती हसते. (हे पोळ्या लाटता लाटता ऐकायचं नव्हे हं. गॅस बंद करून बसा.)

आणि ही बाई मध्ये वीसहून अधिक वर्षं गायलीच नव्हती! सत्तरच्या दशकात ऐन भरात असताना गप्प झाली. का, याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. त्या चघळण्यात मला रस नाही. १९९५ साली रॉनी मॉन्सेरात या संगीतकाराने तिला पुन्हा माइकपुढे आणलं, तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. गोव्यात तिला ऐकायला माणसांचा पूर लोटला.

हे ऐकताना माझी धाकटी नणंद मटार सोलत होती. ती संगीत विशारद आहे. लग्नानंतर तिचा तानपुरा माळ्यावर गेला तो गेलाच. सासरी ‘गाऊ नकोस’ असं कुणी म्हटलं नाही हो. ‘गा’ असंही कुणी म्हटलं नाही. मुलं, त्यांच्या शाळा, सासऱ्यांचं आजारपण… तुम्हाला काय सांगायचं!

तिने एकदम विचारलं, “एवढी वर्षं ही घरात गुणगुणत तरी असेल का?”

मैत्रीण काही बोलली नाही. मी म्हटलं, “रियाज नसताना आवाज राहतो का गं?”

“राहत नाही,” नणंद म्हणाली, “खाली उतरतो. तिचाही उतरला असणार. मग काय झालं, ती खालच्या पट्टीत गाते.” आणि मटाराचं ताट बाजूला सारून, “ते मघाचं परत लाव,” म्हणाली.

तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी ती डोळे मिटून अगदी हळू षड्ज शोधत होती. काळी चार तिची जुनी पट्टी. ती लागेना, तशी एकेक सूर खाली येत गेली.

परवा तिचा फोन आला. तानपुरा माळ्यावरून काढलाय, भोपळ्याला तडा नाही, पण तारा गंजल्यात. बोरिवली-कांदिवलीकडे तारा बदलून, जवारी काढून देणारं कुणी तुमच्या माहितीत असलं, तर जरूर कळवा.